मोरीशेजारचं बँकेचं झाड

१४ एप्रिल १९९७

या डायरीची माफी मागूनच सुरुवात करतो. सूनबाई बेळगावला माहेरी गेली त्याला बरेच दिवस झाले. जाताना तिने ही डायरी हातात दिली आणि म्हणाली, अप्पा, रोज लिहा. आधी पेन सापडेना, मग चष्मा, मग धीर. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात जन्म गेला, पण ते सगळं दुसऱ्यांचं लिहिलेलं. स्वतःचं काय लिहायचं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

लिहायचं आहे झाडाबद्दल. मधुवंती, म्हणजे माझी सून, बँकेत काम करते. त्यांच्या शाखेने जागा बदलली तेव्हा काउंटरशेजारचं एक भलंमोठं झाड कुणालाच नको होतं. दहा-बारा वर्षांचं, सिमेंटच्या कुंडीतलं. ती ते टेंपोत घालून आमच्या धारवाडच्या मळमड्डीतल्या घरी घेऊन आली. नाव फिलोडेंड्रॉन. पानं एवढी मोठी की एका पानाआड माणूस लपेल, आणि कडेला अशी कातरलेली की एखाद्या रागावलेल्या शिंप्याने कापली असावीत. फूल नाही, फळ नाही, वास नाही. नुसती पानं बघायची. आम्ही त्याला बँकेचं झाड म्हणतो.

मधुवंतीचं हे पहिलंच बाळंतपण. सुमंतची, माझ्या मुलाची, बंगळूरला बदली झाली आहे आणि बाळंतपणानंतर ती तिकडेच जाणार. रिक्षात बसताना ती म्हणाली, "अप्पा, झाड तुमच्यावर सोपवते. बंगळूरला जायच्या आधी बाळाला घेऊन ते न्यायला येईन. तोवर त्याला काही होऊ देऊ नका."

सुमंत म्हणाला, बघू. मला ते "बघू" आवडलं नाही.

तेव्हा झाड जगलं तर नात किंवा नातू या घरात येणार, नाहीतर कुठल्या तोंडाने बोलवायचं? आणि मला झाडांतलं काही कळत नाही. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, म्हणूनच तुमच्याकडे देते. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती आणि माझी बायको अनसूया स्वयंपाकघरात हसत होत्या. मी आत गेलो तशा गप्प झाल्या. मी फक्त एवढंच सांगायला गेलो होतो, की माठातलं पाणी फार गार आहे, मधुवंतीने पिऊ नये.

१७ एप्रिल

एक पान पिवळं पडलं. रात्रीच्या जेवणावरची वासना गेली.

व्हरांड्यात दुपारी ऊन येतं, ते बाधलं असावं. शेजारच्या पांडुरंगाला बोलावून दाखवलं. हा माझा छापखान्यातला जुना सोबती, फोरमन होता, त्यामुळे अजूनही प्रत्येक गोष्टीत चूक काढतो. म्हणाला, "एन्री, काय हो गोविंदराव, सून होती तोवर सुनेच्या मागे लागला होता, आता झाडाच्या. त्या बिचाऱ्याला तर माहेरही नाही."

मी कुणाच्या मागे लागलो नव्हतो. जिना सावकाश उतर म्हणणं, रिक्षावाल्याला खड्डे चुकव म्हणणं, ती पोचली का म्हणून बँकेत फोन करणं, याला मागे लागणं म्हणत नाहीत. फोन पांडुरंगाच्या घरचा आहे, म्हणून त्याला जास्त जाणवलं असेल.

१८ एप्रिल

अनसूयेने तोड काढली. आमच्या न्हाणीचं पाणी मागच्या अंगणात मोरीतून बाहेर येतं. तिथे पूर्वी अळू होतं. ती म्हणाली, हे अळूच्याच जातीचं दिसतंय, देठ बघा. मोरीच्या तोंडाशी ठेवा, सावलीही आहे आणि ओलही.

पांडुरंगाने दोन हमाल आणले. मी कुंडीखाली ठेवायला विटा आणून मांडल्या होत्या. बुड उंच असलं की मुंग्या लागत नाहीत. अनसूयेने त्या काढायला लावल्या. म्हणाली, कुंडी मातीवरच टेकू दे, गारवा मिळेल. आणि एकदा ठेवली की हलवायची नाही. काही झाडांना जागा बदललेली सोसत नाही.

हे तिला कुठून कळलं? जन्मात तिने तुळशीशिवाय काही लावलं नाही. पण कुंडी तिथे ठेवल्यावर पदराने हात पुसत ती झाडाकडे अशी बघत होती, की जसं काही तिनेच ते विणलं आहे.

२ मे

पिवळं पान गळलं. नवं उलगडतंय. देवाची कृपा.

एक गोष्ट मात्र मी कुणाला बोललो नाही. जिथून पान गळतं तिथे खोडावर एक खूण राहते, आणि ती हुबेहूब डोळ्यासारखी आहे. वर पापणी, मध्ये बुबुळ. असे खोडभर डोळे. मी न्हाणीतून बाहेर आलो की ते सगळे माझ्याकडे बघतात. काल मी टॉवेल नीट गुंडाळून बाहेर आलो.

९ मे

मधुवंतीचं आंतर्देशीय पत्र आलं. स्वतःविषयी एकच ओळ, मी बरी आहे. बाकी सगळं झाडाविषयी. नवं पान किती लांब? देठ तांबूस का हिरवा? खोडातून दोऱ्या सुटल्या का? पाणी कोणत्या वेळी घालता? मला सगळी उत्तरं मोजून-मापून लिहायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत तिला उन्हाळा बाधत असेल का, हा विचारसुद्धा मनात आला नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं आणि अपराधी वाटलं.

पत्राच्या शेवटी होतं, "आईंना विचारा, विटांचं लक्षात आहे ना?" अनसूया वाचून हसली आणि म्हणाली, तिला लिहा, आहे म्हणून. स्वयंपाकघरात चूल बांधून घ्यायचं त्यांचं काही चाललं असावं. गॅस असताना चूल कशाला? पण बायकांच्या कामात मी पडत नाही.

१५ मे

दोऱ्या सुटल्या आहेत. वडाच्या पारंब्यांसारख्या, बोटाएवढ्या जाड, तपकिरी, खोडातून निघून खाली लोंबतात. पांडुरंग म्हणाला, हे पिंपळासारखं घर खाईल. मी घाबरून त्या सगळ्या गोळा केल्या आणि सुतळीने कुंडीच्या आत बांधून टाकल्या. संध्याकाळी बघतो तर अनसूयेने सुतळी सोडलेली. म्हणाली, "अहो, त्यांना जमीन शोधायची असेल तर शोधू द्या. तुमच्या पोटात का दुखतं?"

पोटात दुखत नाही. काळजी वाटते. दोन्हींत फरक आहे.

२६ मे

झाडाला काहीतरी झालं आहे. दोन देठांच्या बेचक्यातून मक्याच्या कणसासारखं एक हिरवं, घट्ट गुंडाळलेलं टोक वर आलं आहे. पान नाही. पान असं नसतं. पानाचा मला आता अभ्यास झाला आहे. गाठ असावी. मधुवंतीला कळवलं नाही. अशा दिवसांत तिला वाईट बातमी नको.

२९ मे

कालचं सगळं लिहायला हवं.

दिवेलागणीला पाणी घालायला गेलो तर ते हिरवं टोक उघडलं होतं. आतून पांढरंशुभ्र, नागाच्या फण्यासारखं, आणि मध्ये एक पांढरा दांडा उभा. उग्र वास येत होता, मिरी कुटल्यासारखा. मी धीर करून दांड्याला बोट लावलं.

गरम होता. उन्हाने तापतं तसं नाही, ऊन तर कधीच गेलं होतं. लहान मूल तापलं की कपाळ लागतं ना, तसा.

घरातला थर्मामीटर आणला आणि दांड्याला टेकवून धरला. पारा एकशेचारावर गेला. सुमंतला लहानपणी गोवर आला तेव्हासुद्धा तो एकशेतीनाच्या वर नव्हता.

मग सुचलं ते केलं. अनसूयेच्या जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या, मिठाच्या पाण्यात भिजवल्या आणि दांड्याला गुंडाळल्या. पट्टी वाळली की दुसरी. पण जसजशा पट्ट्या ठेवल्या तसतसा तो आतून जास्तच तापायला लागला. अनसूया देवळात गेली होती. तेव्हा तसाच अनवाणी कोपऱ्यावरच्या हेमावती डॉक्टरांकडे धावलो. दवाखान्यात गर्दी होती. मी दारातूनच सांगितलं, ताप एकशेचार, पट्ट्यांनी उतरत नाही. बाईंनी बॅग उचलली आणि माझ्यापुढे चालायला लागल्या. वाटेत विचारलं, अनसूयाक्कांना कधीपासून आहे? मी म्हटलं, तिला नाही, ती देवळात गेली आहे. मग कुणाला? मी म्हटलं, मागच्या अंगणात चला, दाखवतो.

डॉक्टर झाडासमोर उभ्या राहिल्या. पट्ट्या पाहिल्या, मीठ घातलेलं पातेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, पण त्यांनी हसू आवरलं. स्वतःचा थर्मामीटर काढून लावला, दिव्याशी धरून वाचला आणि म्हणाल्या, "पेशंट गरम आहे खरं, अप्पा. पण नाडी सापडत नाही."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. सकाळपासून मनात होतं असं नाही, पण बोट लावलं त्या क्षणापासून होतं.

"डॉक्टर, झाड तिचं आहे. तिकडे पोरीला काही झालं नसेल ना?"

त्यांनी बॅग खाली ठेवली. माझा दंड धरून मला पांडुरंगाच्या घरी घेऊन गेल्या आणि बेळगावला स्वतःच फोन लावला. मधुवंतीच फोनवर आली. डॉक्टरांनी तिला तब्येतीचं चार शब्दांत विचारलं आणि फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, बरी आहेस ना?

ती म्हणाली, "अप्पा, मी फणसाचे गरे खात बसले आहे. तुम्ही सांगाल खाऊ नको, म्हणून आधीच खाऊन घेतले. झाड कसं आहे?"

मी सांगितलं. मग ती म्हणाली, "त्याच्या पट्ट्या काढा अप्पा. सर्दी होईल त्याला." आणि एवढी हसली की तिच्या आईने तिच्या हातातून फोन घेतला.

पांडुरंग हे सगळं खुर्चीत बसून चुरमुऱ्यांचं गिरमिट खात ऐकत होता. म्हणाला, उद्या झाडाला सलाईन लावायचं असेल तर माझ्याकडे हूक आहे.

३१ मे

हेमावती डॉक्टरांची एक मैत्रीण विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला विचारून त्यांनी निरोप दिला. ते फूल आहे. या जातीचं फूल उमलतं त्या संध्याकाळी आपलं आपण तापतं. ऊब मिळाली की वास लांब जातो, किडे येतात. आणि गार करायला गेलं तर ते आणखी जोर लावतं. दोन दिवसांत थंड होतं, तसं झालंही. फणा मिटला आहे.

पटलं. पण पूर्ण नाही. काही न होता कुणी एवढं तापतं का?

अनसूया म्हणाली, तुम्हीच बघा की, अंगात ताप नसताना सगळ्या गल्लीला ऊब देता. हे कौतुक होतं की टोमणा, ते कळलं नाही. तिच्या साडीविषयी मात्र ती काही बोलली नाही.

२१ जून

मुलगी झाली. पहाटे. दोघी सुखरूप. पांडुरंग निरोप घेऊन बनियनवरच धावत आला आणि बातमी सांगताना त्याचाच आवाज फुटला. मी मागच्या अंगणात जाऊन झाडाला सांगितलं. मग लाज वाटली, म्हणून उगाच पाणी घातलं. पाऊस पडत असताना.

४ जुलै

बारशाला बेळगावला जाऊन आलो. नाव सावनी ठेवलं. मुठी आवळून झोपते. नवं पान उलगडायच्या आधी दिसतं, तशा मुठी. मी हात धुऊन, पुसून, पुन्हा धुऊन मग तिला घेतलं, तोवर ती उठून रडायला लागली होती.

सुमंतने परत निघताना मला बाजूला घेतलं. म्हणाला, सप्टेंबरअखेर मधूला आणि बाळाला मी बेळगावहून परस्पर बंगळूरला नेतो. उगाच मध्ये धारवाडला उतरणं, पुन्हा सामान चढवणं, बाळाला त्रास. झाडाची काळजी करू नका. माझ्या कंपनीचा माल हुबळीहून बंगळूरला जातो, त्या टेंपोत घालून नेतो.

त्याचं बरोबर आहे. एवढ्याशा बाळाला प्रवास नको, असं मीच आयुष्यभर सांगत आलो. माझीच वाक्यं त्याने मला परत दिली. मी मान हलवली.

मधुवंती पाळण्याशी उभी होती. तिने ऐकलं. मग सासूकडे बघितलं. अनसूया म्हणाली, "पाठव की टेंपो. झाड तयार आहे."

बेळगावहून बंगळूरला जाणारी बस धारवाडवरूनच जाते. रात्रीची. म्हणजे आम्ही झोपलेले असताना सावनी इथून जाणार.

१० ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. झाड उत्तम आहे. इतकं उत्तम की बघवत नाही. पावसाने पानं दुप्पट झाली आहेत. पूर्वी वाटायचं, हे मेलं तर ती येणार नाही. आता जगलं आहे, तरी टेंपोच येणार. मग एवढं जपलं कशाला, असा वाईट विचार मनात आला आणि लगेच झाडाकडे बघितलं. खोडावरचे डोळे आता वाढले आहेत.

त्या दोऱ्या आता दिसत नाहीत. कुठे गेल्या कोण जाणे. कुंडीभोवती अनसूया रोज शेणखत टाकते. कुंडीत का नाही टाकत, असं विचारलं तर म्हणाली, आत खाऊन पोट भरलं त्याचं.

१४ सप्टेंबर

टेंपो आला. बरोबर सुमंतने पाठवलेले दोघे हट्टेकट्टे. मी सकाळीच झाडाची पानं ओल्या फडक्याने पुसून ठेवली होती. लांबचा प्रवास.

दोघांनी कुंडीला हात घातला. हलली नाही. पांडुरंग कुंपणावरून बघत होता, तोही आला. तिघांनी जोर लावला तर कुंडीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, आणि झाड मात्र होतं तिथेच. वाकून बघितलं. कुंडीच्या बुडाच्या भोकातून मनगटाएवढं मूळ जमिनीत गेलेलं. खोडातल्या दोऱ्या चारी बाजूंनी मातीत उतरलेल्या, एक मोरीतून न्हाणीकडे, एक कुंपणाखालून पांडुरंगाच्या हद्दीत. पांडुरंग म्हणाला, आता भाडं घेतो.

टेंपोवाला म्हणाला, कुऱ्हाड द्या, मुळं तोडून नेतो, लागलं तर लागेल.

अनसूया पायरीवर वालाच्या शेंगा निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"कुऱ्हाड लावायची असेल तर मालकिणीला विचारून लावा. झाड तिचं आहे. ती येऊन बघेल आणि सांगेल."

मी म्हटलं, अगं, तिने विश्वासाने ठेवायला दिलं होतं, आता हे घराला चिकटून बसलं. मी काय तोंड दाखवू? ती म्हणाली, होतं असं कधीकधी. आणि टेंपोवाल्याला चहा देऊन रिकामाच परत पाठवला. तो जाताना म्हणाला, साहेबांना काय सांगू? अनसूया म्हणाली, सांगा, झाडाने नाही म्हटलं.

रात्री झोप लागली नाही. त्या दिवशी कुंडी विटांवर ठेवू दिली असती तर हे झालं नसतं. पण तिला दोष देऊन काय उपयोग? तिला बिचारीला झाडांतलं काय कळतं.

१६ सप्टेंबर

आज पत्र लिहिलं. चूक व्हायला नको म्हणून आधी इथे उतरवलं.

चि. मधुवंतीस, अनेक आशीर्वाद. कळवण्यास वाईट वाटते की तुझ्या झाडाने जमीन धरली आहे. कुंडी फुटली. मुळे न्हाणीपर्यंत गेली आहेत आणि पांडुरंगाच्या अंगणातही. तोडून नेले तर जगेल की नाही, सांगता येत नाही. माझे लक्ष कमी पडले. आता इथेच ठेवायचे, की फांदी काढून द्यायची, की काय करायचे, हे तू स्वतः पाहिल्याशिवाय मी ठरवणार नाही. सुमंतला वेळ नसेल तर तुम्ही दोघीच या, मी बेळगावला न्यायला येईन. बस सावकाश चालवणारा ड्रायव्हर बघून बसू.

पुढे मी लिहिलं होतं की येणं जमलं नाही तरी चालेल. अनसूयेने ते खोडायला लावलं. म्हणाली, खोटं लिहून पोस्टाचं तिकीट वाया घालवू नका.

पत्र अजून पेटीत पडायचं आहे. उत्तर यायला आठ दिवस तरी लागतील, आणि काय येईल कुणास ठाऊक. तरी अनसूयेने आज पांडुरंगाला बोलावून माळ्यावरचा पाळणा खाली काढून घेतला. मधल्या खोलीतल्या कडीला ओढून बघितला. दुपटी धुऊन मागच्या अंगणात वाळत घातली, झाडाच्या पानांवरच, दोरीवर जागा असताना. काही ठरलेलं नसताना एवढी घाई कशाला, असं मी विचारलं. तिने मलाच पाळण्याला तेल द्यायला बसवलं. कडी कुरकुरते आहे. लहान मूल दचकेल.

पत्राच्या तळाशी एवढंच लिहिलं: मुली, झाडाचं काय करायचं ते लवकर कळव. वाट बघतो आहे. फार दिवस लावू नकोस, ते रोज वाढतं आहे.